एवढी एक बॅच

"गप्प बसा जरा," असं म्हणून मामा चिमूटभर काळी पावडर कानाजवळ न्यायचे आणि अंगठा आणि तर्जनीत हळूहळू चोळायचे. खोलीत कोण उभं आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. मालक असोत, पुण्याहून आलेलं गिऱ्हाईक असो, नाहीतर मी असो, सगळ्यांनी गप्प बसायचं. डोळे मिटलेले, मान थोडी उजवीकडे कललेली. मग बोटं झटकून निकाल द्यायचे. "ओली हाय. आनखी दोन तास वाळवा." किंवा "चालतंय. घ्या प्रेसला."

मी त्या कारखान्यात टेस्टिंगला लागले तेव्हा माझ्याकडे धातुशास्त्राची पदवी होती, पितळी नरसाळं होतं आणि स्टॉपवॉच होतं. नरसाळ्यातून पावडर किती सेकंदांत खाली उतरते ते मोजायचं, त्यावरून तिची प्रत ठरवायची, अशी आमची शास्त्रीय पद्धत. पहिल्याच दिवशी मामा "ओली हाय" म्हणून मोकळे झाले. माझं नरसाळं, वजनकाटा, तक्ता असा सगळा संसार मांडून अर्ध्या तासानं उत्तर आलं, तेही ओलीच. मला कौतुक वाटायला हवं होतं, पण मला राग आला. पुढचे सहा महिने हा माणूस कधी चुकतो याची मी वाट पाहत होते. ते काही चुकले नाहीत.

सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणायचा; खरं नाव सांगत नाही, मामींची, म्हणजे त्यांच्या बायकोची, तशी इच्छा आहे. कारखान्याचंही सांगत नाही. कागल रस्त्याला एमआयडीसीत, मागच्या रांगेत, निळ्या पत्र्याची शेड, एवढं पुरे. मूळचे ते नेसरीकडचे. तरुणपणी एका फौंड्रीत होते. आमचा कारखाना पावडर दाबायच्या दोन प्रेसवर सुरू झाला तेव्हापासून मिक्सिंगच्या खोलीत. वसाहतीच्या मागच्या गावात दोन खोल्या घेऊन मामा आणि मामी राहायचे.

आम्ही काय बनवत होतो ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. कोल्हापुरात तुम्ही फिरला असाल तर लेथचा आवाज ऐकलाच असेल. फौंड्रीतून आलेलं ओबडधोबड बिडाचं ओतकाम लेथवर गरागरा फिरत असतं आणि एक नखाएवढी टिप त्याला तासून आकार देते. ती टिप बिडाला कापते म्हणजे ती किती कडक असेल बघा. इतका कडक पदार्थ वितळवून साच्यात ओतायची सोय नसते. म्हणून टंगस्टन कार्बाइडची पिठासारखी बारीक पावडर घ्यायची, तिच्यात कोबाल्टची पावडर घालायची आणि स्पिरिट आणि मेण टाकून दोन-तीन दिवस फिरत्या पिंपात घोटायची. मग वाळवून, चाळून, साच्यात दाबायची. दाबलेली टिप खडूसारखी असते, बोटानं मोडते. ती बंद भट्टीत चौदाशे अंशांच्या आसपास भाजली की आतला कोबाल्ट वितळून कणाकणांत शिरतो आणि त्यांना धरून ठेवतो. टिप आकसते, आणि मग तिला हिऱ्याच्या चाकाशिवाय काही घासू शकत नाही.

मामा हे सगळं दोन वाक्यांत सांगायचे. कारखाना बघायला कोणी आलं की मालक त्यांना मुद्दाम मिक्सिंगच्या खोलीत आणत. "हे बघा पावणं, टंगस्टन म्हंजे बुंदी आन कोबाल्ट म्हंजे पाक. पाक मुरला तर लाडू, न्हायतर नुस्ता भुगा. कळलं का?" पाहुणे हसायचे. मामा हसायचे नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते गंभीर विधान होतं. पाक बिघडला तर भट्टी काही दुरुस्त करू शकत नाही, आणि तो बिघडलाय हे भट्टीतून बाहेर आल्यावरच कळतं. क्वचित तर गिऱ्हाइकाच्या लेथवर टिप फुटल्यावर.

धूळ किती असायची म्हणता? मिक्सिंगच्या खोलीची खिडकी आतून करडी होती. ती पुसली की संध्याकाळपर्यंत परत करडी. प्रत्येकाला मास्क द्यायचं काम माझं होतं. मामा मास्क घ्यायचे, गळ्यात अडकवायचे आणि तसेच कामाला लागायचे. "मामा, तोंडावर घ्या," म्हटलं की म्हणायचे, "म्याडम, तोंड झाकलं की मला पावडर कळंना झालीया." त्या मास्कचा त्यांनी एकच उपयोग केला. फाटकाशी चाफ्याचं झाड होतं. सकाळी येताना खाली पडलेली फुलं मास्कमध्ये गोळा करून ठेवायची आणि संध्याकाळी मामींना न्यायची. मी त्यावरून चिडवलं की चाळणीकडे तोंड फिरवायचे. वर "फुलांस्नी धूळ लागत न्हाय त्येच्यात," एवढंच.

आणि गूळ. शिफ्ट सुटताना पावडरीत काम करणाऱ्या प्रत्येकाला गुळाचा खडा मिळायचा. ही आमच्याकडची जुनी रीत. फौंड्रीतही आहे, भुशाच्या गिरणीतही आहे. मिक्सिंगच्या खोलीत फळीवर ॲल्युमिनियमचा डबा असायचा आणि वाटप मामांकडे होतं. "आदी गूळ, मग हात धुवायचं," असा त्यांचा कडक नियम. कारण विचारलं तर, "गूळ घशातली धूळ गोळा करतोय आन खाली न्हेतोय. हात धुवून पाणी प्यालं तर धूळ तशीच ऱ्हातीया." त्यामुळे लिंबाएवढ्या पिवळ्याजर्द खड्यावर काळ्या बोटांचे ठसे उमटलेले असत आणि आम्ही तो तसाच तोंडात टाकत असू. मीसुद्धा. माझी पदवी त्या वेळी कुठे होती कोण जाणे.

दर महिन्याला लागणाऱ्या सामानाची यादी मी करायची. पहिल्या ओळीत गूळ. खाली कुठेतरी धूळ ओढणाऱ्या पंख्याच्या पिशव्या, कारण जुन्या फाटल्या होत्या. गूळ दर महिन्याला यायचा. पिशव्यांपुढे मालक "पुढच्या वेळी बघू" असं लिहायचे आणि मी पुढच्या वेळी तीच ओळ परत लिहायची. मालक दुष्ट नव्हते. त्यांना गूळ खरंच उपयोगी वाटायचा, आणि मला भांडण नको होतं. कोबाल्टच्या प्रत्येक डब्यासोबत एक इंग्रजी कागद यायचा. या धुळीनं फुप्फुसं कायमची निकामी होऊ शकतात असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. मी ते वाक्य पेन्सिलनं अधोरेखित केलं आणि कागद फाइलला लावला.

मामांना खोकला लागला तो कोरडा. कफ नाही, ताप नाही, बिडी-तंबाखूला तर या माणसानं कधी हात लावला नव्हता. "हवा बदललीया," म्हणायचे. भातलावणीला आठ-दहा दिवस नेसरीला गेले आणि चांगले होऊन आले. "गावचं पानी लागलं बघा," असं सगळ्यांना सांगत फिरले. तिसऱ्या दिवशी खोकला परत आला. दिवाळीला गावी गेले, तेव्हाही हेच. गावी बरं, खोलीत आजारी. हे गणित पहिलीतल्या मुलालाही सुटलं असतं. मला सुटलं, आणि तो अधोरेखित कागद काढून मी मालकांच्या टेबलावर ठेवला.

मालकांनी तो वाचला. म्हणाले, "मग बदला की त्यांना. पॅकिंगला घाला." इतकं सोपं होतं ते. मी त्याच दिवशी रजिस्टरमध्ये लिहिलं आणि मामा पॅकिंगला गेले. तिथे दहा-दहा टिपा प्लॅस्टिकच्या डबीत भरायच्या आणि वर चिठ्ठी चिकटवायची. त्यांच्या जाड बोटांना डबीचं झाकण सापडायचं नाही. शेजारी बसणाऱ्या बायका हसायच्या. मामा रुसून बसायचे आणि मला बघितलं की खिडकीबाहेर बघायचे. पण दोन महिन्यांत खोकला थांबला. मामी एकदा फाटकाशी भेटल्या तेव्हा माझा हात धरून म्हणाल्या, "लई चांगलं केलासा बघा म्याडम. रात सारी बसून असायचं. आता झोपत्यात. मी शब्दच घेतलोय त्येंच्याकडनं, परत त्या खोलीत पाय ठेवायचा न्हाय म्हणून." त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

इथंच हे संपलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

मिक्सिंगला दुसरा माणूस आला. चांगला होता, मास्क लावायचा, तक्त्याप्रमाणे काम करायचा. पण पिंपातून पावडर कधी काढायची, किती वाळवायची, हे तक्त्यात नेमकं नव्हतंच, ते मामांच्या बोटांत होतं. भट्टीतून टिपा बाहेर आल्या त्या कडेला चिरलेल्या. दुसरी बॅच काढली, तिच्यात बारीक छिद्रं. माझं नरसाळं सगळं ठीक आहे असं सांगत होतं आणि टिपा फुटत होत्या. एका मोठ्या गिऱ्हाइकानं शनिवारपर्यंत माल नाही आला तर दुसरीकडे जातो म्हणून कळवलं. मालक नुसते माझ्या टेबलाजवळ येऊन त्या चिरलेल्या टिपा हातात घेऊन उभे राहिले.

मी उठले आणि पॅकिंगला गेले.

"मामा, एवढी एक बॅच," मी म्हटलं.

त्यांनी हातातली डबी खाली ठेवली. डोळे चमकले, ते मी पाहिलं. मग म्हणाले, "घरात इचारतो म्याडम. उद्या सांगतो."

"उद्यापर्यंत वेळ नाही हो. आणि एका बॅचला विचारायचं काय त्यात?"

"तुमच्या मामीला शब्द दिलाय," ते म्हणाले.

"त्यांना नाही कळणार. एवढी एकच." हे मी म्हटलं. अक्षरशः हेच शब्द. मग ते उठले.

ती बॅच उत्तम निघाली. नंतरची त्यांनी बघून दिली, कारण गिऱ्हाईक तेच होतं. त्यानंतरची निकडीची होती. नव्या माणसाला शिकवा असं मी सांगितलं होतं आणि मामा शिकवतही होते, पण "हाताला कळायला वर्सं लागत्यात" म्हणायचे, आणि ते खरंच होतं. एक बॅच म्हणता म्हणता सव्वा वर्ष गेलं. रजिस्टरात मामा पॅकिंगलाच होते. मी तोंडी बोलावलं होतं ना, ते लिहायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. म्हणजे माझ्या तरी डोक्यात आलं नाही.

खोकला परत आला तो या वेळी गावी जाऊनही थांबला नाही. जिना चढताना मध्ये उभे राहायचे आणि कुणी बघतंय असं वाटलं की बुटाची नाडी बांधायला वाकायचे. त्यांच्या पायात चपला असायच्या. पहिल्यांदा मी हसले होते.

दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कंपनीकडून पत्र मागवलं, रुग्ण काय काम करतो म्हणून. मालक म्हणाले, "रेकॉर्डप्रमाणे द्या." मी रजिस्टर उघडलं, रेकॉर्डप्रमाणे इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या, पॅकिंग विभाग, खाली सही केली. खोटं लिहितेय हे त्या क्षणी मला माहीत होतं. पण कागद खरा होता, आणि कागद खरा असला की माणसाला खोटं लिहिणं सोपं जातं, हे मला तेव्हा कळलं. छातीच्या फोटोत फुप्फुसांवर डाग होते. डबे भरणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांवर डाग कशाचे असणार? क्षयाचे. थुंकीत काही सापडलं नाही तरी औषधं सुरू झाली. सहा महिने मामा त्या लालभडक गोळ्या नेमानं घेत होते आणि वाळत चालले होते.

मधे एकदा त्यांना भेटायला गेले. त्यांच्याकडे तेव्हा ऑक्सिजनचं मशीन आलं होतं. खाटेशी त्याची घरघर चालू असायची. मामांनी नाकातली नळी जरा बाजूला केली आणि मला विचारलं, "म्याडम, डाक्टर म्हणत हुता मी प्याकिंगला हाय म्हणून. कागदावर तसं लिवलंय?"



"आयुष्य पावडरीत गेलं माझं," ते म्हणाले. "आन कागदावर मी डबं भरनारा?"

रागावलेले नव्हते. दुखावलेले होते. आपल्याला कशानं मारलं हा त्यांचा प्रश्न नव्हता. आपण कोण होतो हे चुकीचं लिहिलं गेलं, एवढंच त्यांना सलत होतं. मी घरी आले आणि दुसरं पत्र लिहिलं, मराठीत, मालकांना न विचारता. मिक्सिंग विभाग, टंगस्टन कार्बाइड आणि कोबाल्टची पावडर, इतकी वर्षं, मधले काही महिने सोडून. डॉक्टरांकडे नेण्याआधी मामांना वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि एक दुरुस्ती सांगितली. "नुस्तं मिक्सिंग नगं. मिक्सिंग आन चाळनी. चाळनी बी मीच करत हुतो." मी ते घातलं.

डॉक्टरांनी पत्र दोनदा वाचलं. "हे आधी का दिलं नाही?" एवढंच विचारलं. औषध बदललं. पण फुप्फुसं आता नुसती सुजलेली नव्हती, घट्ट झाली होती, आणि ती परत मऊ होत नाहीत, असं त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. मामा त्यानंतर पाच आठवडे होते.

ते गेल्यावर महिन्याभरानं त्यांच्या लॉकरमधलं सामान द्यायला मी गेले. सामान ते काय, एक टॉवेल, कंगवा, जादाचा शर्ट. मामी एकट्याच होत्या. मुलगी आजऱ्याला सासरी परत गेली होती. ऑक्सिजनचं मशीन भाड्याचं होतं, ते गेलेलं, त्यामुळे खोली एकदम शांत होती. मामींनी शर्ट मांडीवर घेतला.

"म्याडम, एक इचारू का?"

"विचारा की."

"तुमी ह्यास्नी प्याकिंगला घातलासा. खोकला थांबला हुता. मग ह्ये परत तितं कशापायी गेलं वो?"

त्या पुढे बोलत राहिल्या.

"ह्ये मला म्हणायचं, डबं भरून मला करमंना, मीच मालकाच्या मागं लागून मागून घेतलं. मी म्हटलो, शब्द दिल्तासा न्हवं? तर नुस्तं खाली बघायचं. तवापास्नं मी रोज भांडलो त्येंच्यासंगं. धड बोलत नव्हतो. ताट वाढून तोंड फिरवून बसायचो. शेवटाला दम लागायचा, हात धरायला बघायचं, तवा बी म्हटलो मी, तुमीच मागून घेतलंसा, आता सोसा."

गप्प राहता आलं असतं. मामांनी माझ्यासाठी तशी सोय करून ठेवली होती. सव्वा वर्ष आणि वर आजारपणाचे इतके महिने, रोजचं भांडण अंगावर घेऊन त्यांनी माझं नाव घरात येऊ दिलं नव्हतं. मला ते आधी ठाऊक असतं तर मी काय केलं असतं, सांगता येत नाही. बहुतेक गप्पच राहिले असते.

"मामी," मी म्हटलं, "त्यांनी मागितलं नव्हतं. मी बोलावलं. ते म्हणाले घरी विचारतो, तर मी विचारू दिलं नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. शिव्या द्याव्यात, हाकलून द्यावं, असं मला मनापासून वाटत होतं. त्यांनी तसलं काही केलं नाही. शर्टाची घडी मोडली, परत घातली, परत मोडली.

"म्हंजे मी उगंचच भांडलो," त्या म्हणाल्या. मला नाही, त्या शर्टाला.